प्रकाशाने चुंबकत्व बदलता येतं का?



सहावीच्या वर्गात ‘प्रकाश व छाया निर्मिती’ संपवून आम्ही ‘चुंबकाची गंमत’ हा पाठ घेतला होता. टाचण्या, खिळे, लोखंडाचा कीस यांत मुलं रमली होती. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "बाई, टॉर्च मारून एखादी वस्तू चुंबकाकडे ओढली जाईल असं करता येईल का?" मी पटकन म्हणाले, "नाही गं, प्रकाशाचा आणि चुंबकाचा काय संबंध?" ती गप्प बसली. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की चुकले होते ते मीच.

टॉर्चने खिळा बदलत नाही, हे खरं. पण काही खास रेणूंच्या बाबतीत तिचं म्हणणं बरोबर आहे. ते समजायला हा खेळ घ्या.

साहित्य : खडू, शिट्टी, सहा मुलं.

कृती : पटांगणात तीन चौकोन आखा. व्हरांड्याच्या पायरीवर आणखी दोन आखा. सहा मुलं म्हणजे लोहाच्या आयनातले सहा इलेक्ट्रॉन. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक इवलासा चुंबकच असतो. आता खालच्या प्रत्येक चौकोनात दोन-दोन मुलं उभी करा. जोडीतल्या एकाने हात वर करायचा, दुसऱ्याने खाली. वर-खाली मिळून शून्य! म्हणजे या रेणूला चुंबक ओढून घेत नाही.

आता शिट्टी वाजवा. शिट्टी म्हणजे प्रकाश. दोन वेगवेगळ्या जोड्यांतलं एकेक मूल पायरीवरच्या एकेका चौकोनात जाईल. आता जोडी उरली एकच, आणि एकटी मुलं झाली चार. त्या चौघांनी हात वर करायचा. आता बेरीज शून्य नाही! चुंबक जवळ आणला तर हा रेणू त्याच्याकडे ओढला जाईल.

हे खरोखर घडलं जर्मनीतील माइन्झ विद्यापीठात, १९८४ मध्ये. फिलिप ग्युटलिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहाचं एक संयुग घेतलं. त्यात लोहाच्या भोवती नायट्रोजनचे सहा अणू असतात. ते खूप थंड करून त्यावर हिरवा प्रकाश टाकला. जांभळट स्फटिक जवळजवळ रंगहीन झाले आणि त्यांचे चुंबकीय गुणही बदलले. पुढे गडद तांबड्या प्रकाशाने त्यांना पूर्ववत करता येतं, हेही दिसलं. म्हणजे एका रंगाने चालू, दुसऱ्याने बंद!

प्रकाश बंद केल्यावर इलेक्ट्रॉन लगेच खाली का येत नाहीत? ते वर गेले की लोह आणि नायट्रोजन यांच्यातलं अंतर सुमारे एक दशांशाने वाढतं. परत यायचं तर ते अंतर कमी व्हायला हवं. कडाक्याच्या थंडीत रेणूंची हालचाल इतकी मंदावते, की ते तसेच अडकून राहतात. म्हणून हा प्रयोग सुमारे उणे २२० अंश सेल्सिअसच्या खाली करावा लागतो.

१९९६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कोबाल्ट, लोह आणि सायनाइड यांच्या पदार्थात तांबड्या प्रकाशाने चुंबकत्व वाढवून दाखवलं आणि निळ्या प्रकाशाने कमी केलं. तिथेही थंडी हवीच, उणे २५० अंशांहून जास्त.

आता शास्त्रज्ञ अशा रेणूंना चमकणारे भागही जोडतात. हायलायटर पेनची शाई कशी चमकते, तसे. आतल्या लोहाची स्थिती बदलली की चमकही कमी-जास्त होऊ शकते. त्यामुळे रेणू चालू आहे की बंद, हे नुसत्या चमकेवरूनही ओळखता येतं. चालू-बंद अशा दोन स्थिती म्हणजे संगणकाची भाषा. एकेका रेणूत माहिती साठवता येईल का, याचा शोध त्यातूनच सुरू आहे.

एक सूचना : मुलांना "लोखंडाचा चुंबक झाला" असं सांगू नका. १९८४ च्या प्रयोगातला पदार्थ स्वतः टाचण्या उचलत नाही, फक्त चुंबकाकडे ओढला जाऊ लागतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी आधी कबूल केलं, "काल माझं उत्तर चुकलं." मग हा खेळ घेतला. शिट्टी वाजवायला त्याच मुलीला दिली. खेळ झाल्यावर तिने विचारलं, "बाई, मग इतकी थंडी नसतानाही चालेल असा रेणू बनवता येईल का?"

शास्त्रज्ञही हेच शोधत आहेत. या वेळी मी "नाही" म्हटलं नाही. तिचा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला.