रेषा सरकवण्याआधी

पहिल्या सेमिस्टरला मी ड्रॉइंगची एकही शीट स्वतः काढली नाही. खांदा कॉलनीतली आमची रूम, टेबलावर काच, काचेखाली बल्ब आणि वर सीनिअरची शीट! जीटी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. एखादं माप जुळलं नाही की रेषा दोन मिलिमीटर सरकवायची. सही मिळाली की विषय संपला.

कॅप्टन अमोल यादवांबद्दल वाचलं आणि विचार सुरू झाला. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये डीजीसीएकडे नोंदणी झाली. यादवांचं डिझाइन त्यांचं स्वतःचं. पण ज्याला डिझाइन जमत नाही, त्याचं काय? त्याच्यासाठी विमानाचे नकाशे विकणाऱ्या छोट्या कंपन्या असतात.

त्यातली गाजलेली म्हणजे बर्ट रुटान यांची. १९७४ मध्ये त्यांनी अमेरिकेत मोहावी इथे ‘रुटान एअरक्राफ्ट फॅक्टरी’ काढली. नावात फॅक्टरी, पण विकायचे ते कागद! त्यांचं ‘व्हेरी-ईझी’ १९७५ ला उडालं, ‘लाँग-ईझी’ १९७९ ला. फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने कापायचे आणि त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड इपॉक्सीने बसवायचं. मोठा साचा लागत नाही, त्यामुळे घरच्या गॅरेजमध्येही काम होतं. नकाशात चूक सापडली तर कंपनी वार्तापत्रातून दुरुस्ती कळवत असे. १९८५ मध्ये विक्री थांबली, तरी आधी घेतलेल्या नकाशांवरून विमानं बनत राहिली.

अशा विमानाचा कागदोपत्री निर्माता नकाशा विकणारा नसतो, बांधणारा असतो. म्हणजे रेषा सरकवायची मुभा आहे, पण जबाबदारीही त्याचीच.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात लाँग-ईझी कोसळून मरण पावले. विमान त्यांनी बांधलेलं नव्हतं, नुकतंच विकत घेतलं होतं. इंधनाची टाकी बदलण्याचा व्हॉल्व्ह नकाशात पायलटच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. कारण तसं पटण्यासारखंच होतं, कॉकपिटमध्ये इंधनाची नळी नको. पण तिथे हात पोचवायला पायलटला अंग वळवावं लागे, आणि वळताना उजवा पाय रडरवर दाबला जाई. चौकशीत निष्कर्ष निघाला तो असाच : व्हॉल्व्ह फिरवताना लक्ष विचलित झालं, नकळत रडर दाबला गेला आणि ताबा सुटला. टाकीत इंधन कमी असणं, व्हॉल्व्हवर खुणा नसणं, या विमानाचा पुरेसा सराव नसणं, हीही कारणं नोंदवली गेली.

बदल करणं हा गुन्हा नाही, इंजिनिअर बदल करणारच. पण बांधणाऱ्याने नळीचा विचार केला, पायलटच्या खांद्याचा आणि पायाचा केला नाही. किंमत मोजली तिसऱ्याच माणसाने, ज्याने तो नकाशा कदाचित पाहिलाही नसेल.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. रेषा सरकवण्याआधी ती तिथे का आहे हे विचारा. जीटी मारणाऱ्याला ते विचारताच येत नाही, कारण त्याने रेषा फक्त पाहिलेली असते. दुसऱ्या सेमिस्टरला मी काच परत टेबलाखाली ठेवली. शीटला दुप्पट वेळ लागला, दोनदा रिपीटही मिळालं. पण कुठली रेषा कशासाठी आहे, हे आता सांगता येतं.