तोंडावरचे तेज आणि ताटातली नागली

शास्त्रपाठ : दानीएल 1:3-21, 1 करिंथ 11:20-22, 33
पाठांतरासाठी : 2 करिंथ 4:16



गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला शहरातल्या एका मंडळीच्या भगिनीमंडळाने मला बोलायला बोलावले होते. विषय त्यांनीच दिला होता : तरुण दिसण्यासाठी रोजच्या सवयी आणि आहार. खरे सांगते, मला तो विषय थोडा हलका वाटला. देवाच्या वचनात चेहऱ्यामोहऱ्याचे काय, असे मनात आले. तरी हो म्हटले.

त्याच आठवड्यात आम्ही जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर स्त्रियांची आरोग्य तपासणी ठेवली होती. नावे लिहायला मी बसले होते. एक बाई समोर आली. गाल आत गेलेले, केस विरळ, ओठ पांढरे. मी तिला न विचारताच वयाच्या रकान्यात 50 लिहू लागले. तिने आधार कार्ड पुढे केले. वय 33. ती हसून म्हणाली, "बाई, मी तुमच्याहून लहान हाय." मी 46 वर्षांची आहे. ती माझ्याहून तेरा वर्षांनी लहान होती.

त्या दिवसापासून तो विषय मला हलका वाटला नाही. म्हणून भगिनीमंडळात जो पाठ दिला, तोच या अंकात मांडते.

1. दरबारातली तपासणी

दानीएलाचा पहिला अध्याय आपण संडेस्कूलपासून ऐकतो. यरुशलेमातून धरून नेलेली चार मुले बाबेलच्या राजवाड्यात शिकायला ठेवली. राजाने स्वतःच्या ताटातले अन्न आणि द्राक्षारस त्यांना नेमून दिला. दानीएलाने तो नाकारला आणि दहा दिवस शाकभाजी व पाणी देऊन पाहा, अशी विनंती केली.

यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. दानीएलाच्या विनंतीने सरदार घाबरला, तो का? दहाव्या वचनात त्याने कारण सांगितले आहे. त्यांच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा यांची तोंडे उतरलेली दिसली, तर राजा जाब विचारील आणि आपले डोके जाईल, ही त्याची भीती होती. म्हणजे त्या मूर्तिपूजक दरबारातसुद्धा एवढे कळत होते की तोंड पाहून ताट ओळखता येते, आणि तोंड उतरले तर त्याचा जाब खाऊ घालणाऱ्याला द्यावा लागतो.

या अध्यायाचा चुकीचा अर्थ मात्र काढू नये. दानीएलाने मांस सोडले ते विटाळाच्या कारणाने, तब्येतीसाठी नव्हे. पुढे दहाव्या अध्यायात तो शोकाच्या तीन आठवड्यांत मांस व द्राक्षारस वर्ज्य करतो. म्हणजे एरवी तो ते घेत होता. तेव्हा मांस खाऊ नये असा नियम इथे नाही. दहा दिवसांनी मुलांची तोंडे तजेलदार दिसली, ती देवाची कृपा होती. पण ती कृपा डाळी-भाजीच्या साध्या ताटावर उतरली, हेही खरे आहे.

2. आमच्या पाड्यावरचे ताट

जव्हार-मोखाड्यात वरकस जमिनीवर नागली आणि वरई होते. बांधाला तूर, उडीद, कुळीथ. पाऊस पडला की रानात टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली, बांबूचे कोंब. शेवळी तर पहिल्या पावसाबरोबर येते. घशाला खाजते म्हणून काकडाची फळे किंवा चिंच घालून शिजवतात. ओढ्याला खेकडे, मासे. हे ताट साधे आहे, पण गरीब नाही. शंभर ग्रॅम नागलीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात ते 10 च्या आसपास. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा शहरातल्या दुकानांत नाचणीची बिस्किटे महाग विकली गेली. आमच्या पाड्यावर तीच नागली काळी भाकर म्हणून मागे सरत होती.

मग त्या बाईचे ओठ पांढरे का? पहिले कारण रक्त कमी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे हे दुखणे पाड्याचे एकट्याचे नाही, आपल्या मंडळीच्या बाकांवरही ते बसलेले आहे. दुसरे कारण, लहान वयात लग्न आणि लागोपाठ बाळंतपणे. तिसरे, दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर. तिथे रान नाही, शेत नाही, भात आणि मिरची यांवर दिवस जातो. आणि चौथे, जे मी स्वतः घरोघर पाहिले : ती सर्वांत शेवटी जेवते. पुरुष, मग मुले, मग सासू, मग ती. तिच्या वाट्याला भात उरतो, डाळ उरत नाही.

पौल करिंथकरांना नेमके याच गोष्टीवरून रागावला. तुमच्या भोजनात एक पोटभर जेवतो आणि दुसरा उपाशी राहतो, असा त्याचा ठपका होता. म्हणून एकमेकांसाठी थांबा, असे त्याने सांगितले. हे वचन आपण प्रभुभोजनाच्या वेळी वाचतो. घरच्या चुलीपाशी ते कोणी वाचत नाही.

3. आमचीही चूक

इथे एक कबुली द्यायची आहे. मी कितीतरी वर्षे पाड्यांवर जाताना बिस्किटांचे पुडे नेत असे. मुले धावत येत, मला बरे वाटे. नाताळच्या जेवणाला आम्ही पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि गुलाबजाम करत असू. नागली कधीच नाही. एकदा एका म्हाताऱ्या आजीने मला विचारले, "बाई, तुमच्या प्रार्थनेत नागली चालत नाय का?"

मला उत्तर देता आले नाही. आम्ही सुवार्ता घेऊन गेलो, आणि बरोबर नकळत हेही शिकवले की बाजारातले ते चांगले आणि तुमच्या शेतातले ते कमी प्रतीचे. दानीएलाने राजाच्या ताटाला नाही म्हटले. आम्ही मुलांच्या हातात राजाचे ताट देत होतो, तेही पाच रुपयांच्या पुड्यात बांधून.

आता रविवारच्या उपासनेनंतर एकत्र जेवण असते. नागलीची भाकर, डाळ, त्या दिवसांतली भाजी. वाढायला पुरुष उभे राहतात आणि स्त्रिया व मुले पहिल्या पंगतीला बसतात. सुरुवातीला स्त्रियाच बसायला तयार नव्हत्या. तिसऱ्या-चौथ्या रविवारी बसू लागल्या. बिस्किटांच्या जागी शेंगदाणा-गुळाचे लाडू नेतो.

4. रोजच्या सवयी

शहर असो वा पाडा, पुढील सवयींना फार पैसा लागत नाही.

(अ) एकत्र जेवा. घरातल्या सर्वांची ताटे एका वेळी वाढा. भाजी-डाळ आधी सर्वांत वाटून घ्या, मग जेवायला बसा.

(आ) धान्य, डाळ आणि भाजी तिन्ही असू द्या. आठवड्यातून काही दिवस भाताऐवजी नागलीची किंवा ज्वारी-बाजरीची भाकर करा. नागलीला मोड आणून, वाळवून, दळून पेज केली तर ती अंगी अधिक लागते. परवडेल तेव्हा अंडे, मासे घ्या.

(इ) आंबट बरोबर, चहा नंतर. डाळ-भाजीतले लोह अंगी लागायला लिंबू, आवळा, पेरू मदत करतात. जेवणाबरोबर घेतलेला चहा ते अडवतो. म्हणून चहा जेवणानंतर तासाभराने. लोहाच्या गोळीलाही हाच नियम.

(ई) मशेरी सोडा. पाड्यावर आणि शहरातही पुष्कळ बहिणी दात घासायच्या निमित्ताने मशेरी लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरड्या सुटतात, दात पडतात, गाल बसतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बंधूंनी तंबाखू, गुटखा आणि दारूचा विचार करावा.

(उ) उन्हात डोके झाका, पाणी प्या. उन्हाने कातडी लवकर सुरकुतते. पण गोरे करणाऱ्या क्रीमच्या मागे लागू नका. बिनालेबलाच्या काही क्रीममध्ये पारा असतो, तो मूत्रपिंडाला इजा करतो. स्टेरॉइडच्या क्रीमने कातडी पातळ होते. देवाने दिलेला रंग हा रोग नाही.

(ऊ) झोप घ्या. एलीया थकून झुडपाखाली मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, उठवून भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले (1 राजे 19). सेवेत असणाऱ्यांनी हा अध्याय वरचेवर वाचावा. मीही त्यात आले.

एक सावधगिरी. चेहरा फिका, सारखी धाप, सांधे दुखतात, असे असेल तर नुसत्या आहारावर विसंबू नका. आदिवासी भागांत सिकलसेलचा आजार आढळतो. तो जन्मजात आहे, भाकरीने जात नाही. रक्ततपासणी करून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. आपल्या ओळखीच्या मातेला तिथपर्यंत घेऊन जाणे हीसुद्धा सेवा आहे.

5. वचन काय आहे आणि काय नाही

या सवयींनी कोणी म्हातारे होणार नाही, असे मी म्हणत नाही. बाहेरचा मनुष्य झिजतो हे पौलाने मान्य केले आहे. आतला मनुष्य दिवसेंदिवस नवा होतो, यावर त्याची भिस्त आहे. नीतिसूत्रे 16:31 मध्ये पिकल्या केसांना शोभेचा मुकुट म्हटले आहे. केस पांढरे होणे हा देवाने लावलेला क्रम आहे, त्याची लाज नको.

पण तेहतिसाव्या वर्षी पन्नाशीची दिसणे हा देवाचा क्रम नाही. ते आपण माणसांनी वाढलेल्या ताटांमुळे झालेले आहे. दानीएलाच्या अध्यायाचे शेवटचे वचन पाहा : तो कोरेश राजाच्या पहिल्या वर्षापर्यंत तिथे राहिला. साठाहून अधिक वर्षे. राजे गेले, राज्य बदलले, तो म्हातारा झाला आणि कामात राहिला. असे म्हातारपण आमच्या बहिणींनाही मिळावे, एवढेच मागणे आहे.

ती बाई आता दर रविवारी येते. तपासणीत तिचे हिमोग्लोबिन सातच्या खाली होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या, जेवण बदलले, मशेरी अजून पूर्ण सुटलेली नाही. पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन दहाच्या वर गेले. मागच्या महिन्यात तिचा नवरा वाढायला उभा होता. त्याने तिच्या ताटात दुसऱ्यांदा डाळ वाढली. ती नको म्हणाली नाही.

सरदाराला राजाचे भय होते, म्हणून त्याने मुलांच्या तोंडांकडे पाहिले. आपल्याला राजांच्या राजाला जाब द्यायचा आहे. आज जेवायला बसताना आपल्या घरातल्या सर्वांच्या, विशेषतः जी वाढते तिच्या, तोंडाकडे एकदा पाहा.

चर्चेसाठी प्रश्न
1. आपल्या घरात शेवटी कोण जेवते? का?
2. मंडळीच्या सहभोजनात आपण कोणते अन्न मानाचे समजतो, कोणते कमी प्रतीचे?
3. या महिन्यात कोणती एक सवय घरातले सर्व मिळून बदलू?

प्रार्थनेचे विषय
1. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांसाठी, विशेषतः तिथे असलेल्या गरोदर मातांसाठी.
2. पाड्यांवरच्या अंगणवाडीसेविका व आशाताईंसाठी.
3. यंदा नागलीचे बियाणे आणि शेवग्याची रोपे प्रत्येक घरी पोचावीत म्हणून.

प्रभू तुम्हाला, तुमच्या चुलीला आणि तुमच्या पंगतीला आशीर्वाद देवो. आमेन.