वादळांची पैज लावायची तर अशी लावा

प्रश्न : आम्ही अकोल्यातले काही मित्र संध्याकाळी चहाला जमतो. यंदा आपल्या दोन्ही समुद्रांत मिळून किती चक्रीवादळं होतील, यावर मैत्रीतली पैज लावायचं ठरलं आहे. कोणी आठ म्हणतो, कोणी तीन. एक काका म्हणतात, "आधी भेंडवळची घटमांडणी होऊ द्या, मंग बोला." आणि एकाचं म्हणणं, समुद्र कुठं अन् अकोला कुठं, आपल्याला काय त्याचं? ही पैज नीट कशी लावायची आणि जिंकलं कोण हे कसं ठरवायचं?
— एक वाचक, जठारपेठ, अकोला

उत्तर : शेवटच्या मित्राला आधी उत्तर देतो, कारण त्याचं पटलं नाही तर पैजेत रस कोणाला राहणार?

२६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी 'गुलाब' हे चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. जमिनीवर आल्यावर वाऱ्याचा जोर ओसरला, पण ओलावा तसाच राहिला. तो तेलंगणावरून मराठवाडा-विदर्भात उतरला. सोयाबीन सोंगणीच्या तोंडावर शेतात पाणी उभं राहिलं. २८ तारखेला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावरून एसटीची बस वाहून गेली. वऱ्हाडात वादळ वारा घेऊन येत नाही, पाणी घेऊन येतं, आणि तेही पीक घरात यायच्या वेळी.

दुसरी तऱ्हा उलटी. जून २०२३ मध्ये अरबी समुद्रात 'बिपरजॉय' तेरा दिवस रेंगाळलं. ओलावा त्याने स्वतःकडे ओढून घेतला आणि मान्सूनची पुढची चाल अडली. शेवटी २५ जूनला मुंबई आणि दिल्ली, दोन्हीकडे मान्सून एकाच दिवशी पोचल्याचं जाहीर झालं. तोवर आपल्याकडे शेतकरी बियाणं घरात ठेवून आभाळाकडे बघत होते. पेरणी लांबायला कच्छकडे निघालेलं एक वादळसुद्धा पुरतं.

आता पैज. पहिली अट, 'चक्रीवादळ' कशाला म्हणायचं हे आधी कागदावर लिहा. भारतीय हवामान विभागाच्या मोजमापात वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात आणि तेव्हाच नाव मिळतं. त्याखाली कमी दाबाचं क्षेत्र, अवदाब, तीव्र अवदाब. बातम्यांत तेही 'वादळ' होऊन येतात, पण पैजेत धरायचे नाहीत. पंच म्हणजे हवामान विभागाची नोंद, दुसरं कोणी नाही.

पंच आधीच का ठरवायचा, ते त्याच गुलाबच्या पुढच्या प्रवासावरून कळतं. त्याचा उरलेला भाग देश ओलांडून गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरला, तिथे पुन्हा बळावला, 'शाहीन' झाला आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर धडकला. हे एक वादळ की दोन? विभागाने दोन मोजली. नियम आधी लिहिलेला नसता तर तुमच्या चहाच्या टेबलावर मैत्रीच पणाला लागली असती.

दुसरी अट, आकडा सांगण्याआधी सरासरी बघा. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र मिळून वर्षाला साधारण पाच चक्रीवादळं होतात, चार तिकडे तर एक इकडे. २०१९ मध्ये आठ झाली आणि त्यांतली पाच अरबी समुद्रातली, ते वर्ष खरोखर वेगळं होतं. पुढे २०२० आणि २०२१ मध्ये पाच-पाच, २०२२ मध्ये तीन, २०२३ मध्ये सहा, २०२४ मध्ये चार. म्हणजे आठवाल्या मित्राला २०१९ आठवतंय. डोळे मिटून 'पाच' म्हणणारा माणूस बहुतेक वर्षी फार चुकत नाही, आणि जो त्याला हरवेल त्यालाच खरी समज आहे असं मी मानेन. म्हणून दरवर्षी 'सरासरी' नावाचा एक भिडू पैजेत बसवा.

सरासरीही मात्र जागेवर थांबलेली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासात २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. बंगालच्या उपसागरात मात्र ती थोडी घटली. अरबी समुद्राचं पाणी तापतंय, ही वाढ त्याचा परिणाम. तेव्हा पश्चिमेकडचा आकडा लिहिताना जुन्या सरासरीच्या किंचित वर जायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नुसता 'होईल' किंवा 'नाही' घेऊ नका, टक्के घ्या. समजा प्रश्न असा : एप्रिल ते जून या काळात अरबी समुद्रात चक्रीवादळ होईल का? २०१९ ते २०२४ या सहा वर्षांत चारदा झालं : वायू, निसर्ग, तौक्ते, बिपरजॉय. एकाने ७० टक्के लिहिले आणि वादळ झालं, तर तो ०.३० ने चुकला, त्याचा वर्ग ०.०९. हा त्याचा दंड. दुसऱ्याने छातीठोकपणे १०० टक्के लिहिले आणि वादळ झालंच नाही, तर दंड पूर्ण १. काठावर बसून ५० लिहिणाऱ्याला काहीही झालं तरी ०.२५. सगळ्या प्रश्नांच्या दंडांची सरासरी काढा, ज्याची सर्वांत कमी तो जिंकला. ही रीत अमेरिकी हवामानखात्यातल्या ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडली आणि जगभरच्या वेधशाळा आजही आपले अंदाज तिनेही तपासतात. हिच्यात फुशारकी महाग पडते आणि मनात जेवढी खात्री तेवढीच लिहिणारा टिकतो.

काकांच्या भेंडवळबद्दल. जळगाव जामोद तालुक्यातली ती घटमांडणी साडेतीनशे वर्षांची सांगतात. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट आखायचा, भोवती अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय भिजलं ते पाहून भाकीत. हजारो शेतकरी तिथं जमतात, त्या जमण्याबद्दल मला आदर आहे. पण ढेकूळ भिजण्याचा पावसाशी संबंध असल्याचा पुरावा नाही, आणि 'पाऊस साधारण' या भाकिताला दंड लावायचा कसा? काकांनी त्यातून स्वतःचे टक्के काढून लिहून द्यावेत. मग तेही बरोबरीचे भिडू.

एक प्रश्न खास अकोल्याचा ठेवा : वादळ पूर्व किनाऱ्यावर आल्यापासून पाच दिवसांत अकोल्याच्या वेधशाळेत पावसाचा दिवस नोंदला जाईल का? सकाळी साडेआठला मोजलेला चोवीस तासांचा पाऊस २.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर तो पावसाचा दिवस. समुद्रातलं वादळ आणि आपलं सोयाबीन यांचा धागा याच प्रश्नात आहे, आणि तुमच्यातला शेतीवाला इथे बाकीच्यांना भारी पडेल.

उन्हाळी हंगामाच्या चिठ्ठ्या गुढीपाडव्याला बंद करा, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पोळ्याला. पैसे अजिबात लावू नका. पावसावरच्या सट्ट्याने एकोणिसाव्या शतकात मुंबई-कलकत्त्यात घरं बुडवली, आणि आपल्याकडचा १८८७ चा जुगारबंदीचा कायदा अजून लागू आहे. शेगावची कचोरी पुरे, ती सर्वांत जास्त दंडवाल्याने आणायची, आणि 'सरासरी' जिंकली तर सगळ्यांनी वर्गणी काढून.