परसबागेचा जमाखर्च

अर्थशास्त्राच्या तासाला आम्हाला 'संधी खर्च' ही कल्पना शिकवली जाते. एक काम हाती घेतले की त्याच वेळात होऊ शकणारे दुसरे काम सुटते. त्या सुटलेल्या कामाचे मोल हाच पहिल्या कामाचा खरा खर्च. परसबागेचे फायदे सांगताना बियाणे आणि खत यांचा हिशेब मांडला जातो, पण वेळेचा मांडला जात नाही. आमच्या निपाणी भागात तो विसरून चालत नाही. येथे अनेक घरांत बायका विड्या वळतात आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. माझी आईही त्यांतलीच एक. बागेला रोज वीस मिनिटे दिली तर महिन्याला दहा तास होतात, आणि ते विड्यांच्या वेळेतूनच वजा होतात. म्हणून वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी या नात्याने मला वाटते, की कमी वेळात व कमी पाण्यात जगेल तीच भाजी परसात लावावी.

अशा भाज्या आपल्या भागात पूर्वीपासून आहेत. पहिला मान शेवग्याचा. कन्नडमध्ये तो नुग्गे. मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी पावसाच्या तोंडावर लावली की ती फुटते. निपाणीकडील काळ्या जमिनीत पाणी साचून मूळ कुजते, म्हणून मातीचा उंचवटा करून त्यावर फांदी लावावी. बेळगावकडील तांबड्या जमिनीत निचरा चांगला असल्याने ही अडचण कमी येते. बियांपासून झाड करायचे असल्यास तमिळनाडूतील पेरियाकुलमचे 'पीकेएम-१' किंवा बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाचे 'भाग्या' हे वाण निवडावे. दोन्ही वर्षाच्या आत शेंगा देतात. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते. म्हणून झाड कौलांपासून व विजेच्या तारांपासून दूर लावावे आणि शेंगांचा हंगाम संपला की छाटावे.

दुसरा अळू, म्हणजे केसु. न्हाणीचे पाणी जिथे मुरते तिथे त्याचा कांदा पुरला की वेगळे पाणी द्यावे लागत नाही. बाहेरची पाने कापावीत, मधला कोंब ठेवावा. अळूतील सूक्ष्म स्फटिकांमुळे घसा खवखवतो. म्हणून भाजी नीट शिजवून चिंच घालण्याची आपली रीत आहे.

तिसरी तोंडली. हिच्यात नर आणि मादी वेल वेगळे असतात. तेव्हा ज्या वेलाला तोंडली लागलेली आपण पाहिली आहेत, त्याचाच तुकडा मागून आणावा. मांडवावर चढलेला वेल अनेक वर्षे टिकतो. त्याच मांडवाच्या दुसऱ्या टोकाला मायाळू, म्हणजे बसळे, चढवता येते. तेही तुकड्यापासून रुजते. अंबाडी, म्हणजे पुंडी, जूनमध्ये पेरली की पावसावरच येते. पुंडीची भाजी आणि जोंधळ्याची भाकरी या जोडीची वाचकांना वेगळी ओळख करून द्यायला नको.

पाणी वाचवण्याचा सोपा उपाय म्हणजे उसाचे पाचट. आपल्या भागात ते मुबलक मिळते. बुंध्याभोवती वीतभर जाडीचा थर दिला की ओल टिकते, तण कमी उगवते आणि पाचट कुजून त्याचे खत होते. मात्र थर खोडाला चिकटवू नये.

टोमॅटो आणि मिरची यांबाबत आमच्या भागात एक खास अडचण आहे. ही दोन्ही झाडे तंबाखूच्याच कुळातील. तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणारा रोग १८९८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी अभ्यासला आणि विषाणू या कल्पनेचा पाया घातला. हा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकतो आणि हाताच्या स्पर्शाने टोमॅटोच्या व मिरचीच्या रोपांना लागू शकतो. विड्या वळणाऱ्या घरात ही रोपे लावायची तर दर वेळी साबणाने हात धुऊनच त्यांना हात लावावा. ज्यांना एवढी काळजी घेणे जमणार नाही, त्यांनी ती बाजारातून आणावीत.

परसबागेने सगळी गरज भागणार नाही, हेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना दर माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्याची शिफारस करते. पाच माणसांच्या घराला दोन किलो लागतात. चार वेल आणि एक झाड तेवढे देणार नाहीत. पण बाजारात भाव चढतात त्या दिवसांत हाताशी पालेभाजी असणे हाही नफाच.

कन्नडमध्ये म्हण आहे, 'हित्तल गिड मद्दल्ल', म्हणजे परसातले झाड औषध नव्हे. जवळच्या वस्तूची किंमत आपल्याला वाटत नाही, असा तिचा अर्थ. मराठीत आपण 'अतिपरिचयात् अवज्ञा' म्हणतो. दोन्ही भाषांना हा दोष ठाऊक आहे, तेव्हा तो दूर करण्याचे कामही आपण दोघांनी मिळून करावे. शेजारी नुग्गे असेल तर फांदी मागा, आपल्याकडे अळू असेल तर कांदा द्या. आणि मित्रमैत्रिणींनो, बागेला जी थोडी मिनिटे लागतील ती आईच्या खाती न मांडता आपल्या खाती मांडा.