मालिकेतील दुसरे पुस्तक : ‘द टूम्ब्ज ऑफ अतुआन’मधील दृष्टिपालट

बालकुमारांच्या अद्भुतकथामालिकेतील दुसऱ्या पुस्तकाकडून वाचकाची अपेक्षा सामान्यतः परिचित नायकाच्या नव्या पराक्रमाची असते. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतील ‘द टूम्ब्ज ऑफ अतुआन’ (१९७१) ही कादंबरी ती अपेक्षा बाजूला सारते.

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या पहिल्या पुस्तकात मांत्रिक गेडचा संचार बेटाबेटांतून, खुल्या समुद्रावर होतो. कार्गाद देशाचे लोक तेथे त्याच्या गावावर चालून आलेले आक्रमक म्हणून भेटतात. दुसऱ्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी त्याच कार्गादमधील एक देवस्थान, त्याखालील अंधारे भुयार आणि तेथील तरुण पुजारीण आहे. गेड बऱ्याच उशिरा प्रवेशतो, आणि तोही तिच्या नजरेतून, चोर म्हणून. शत्रुपक्षाच्या डोळ्यांनी नायकाला पाहणे हा या पुस्तकाचा पहिला संस्कार होय.

दुसरा पालट नामतत्त्वाचा आहे. पहिल्या पुस्तकात खरे नाव जाणणे म्हणजे सत्ता मिळवणे. येथे अनाम शक्तींच्या सेवेसाठी बालिका टेनारचे नावच हिरावून तिला ‘आर्हा’, म्हणजे ‘गिळली गेलेली’, केले जाते. गेड तिला तिचे नाव परत देतो. नामज्ञान येथे सत्तेचे नव्हे, मुक्तीचे साधन ठरते.

टेनारची मुक्ती मग पुरुषाने दिलेले दानच ठरते काय? भुयारात गेडचा प्राण तिच्या हाती असतो. पाणी तीच देते, वाटाही तिलाच ठाऊक असतात. दुभंगलेल्या कड्याचे दोन तुकडे सांधले जाणे हे या परस्परावलंबनाचेच प्रतीक आहे. तथापि बाहेर पडल्यावर परतण्यासाठी जग आहे ते केवळ गेडला. वाया गेलेल्या वर्षांसाठी टेनार रडते. एका क्षणी त्याला मारण्यासाठी सुरीही हाती घेते. स्वातंत्र्य हे ओझेही असते, हे सत्य बालवाचकापासून येथे लपवलेले नाही.

हा प्रश्न कादंबरीत पूर्णपणे सुटत नाही. एकोणीस वर्षांनी ‘तेहानू’मध्ये (१९९०) लेखिका प्रौढ, विधवा टेनारकडे परतते, तेथे सामर्थ्य गमावलेला गेडच तिच्या आश्रयाला येतो. म्हणून दुसऱ्या पुस्तकाला दोन पुस्तकांमधील केवळ दुवा मानणे अपुरे ठरते. पुढील लेखनाला भाग पाडणारा प्रश्न त्यानेच प्रथम उभा केला.