भाड्याची विमाने आणि कर्जाचे ट्रक

बारामती-इंदापूर पट्ट्यात वाहतुकीचा धंदा करणारे पुष्कळ बांधव आहेत. कुणाचा ट्रक, कुणाचा दुधाचा टँकर. बहुतेकांची गाडी हप्त्याची. बारामतीच्या धावपट्टीवरील शिकाऊ वैमानिकांची विमाने आपण पाहतो. पण विमान आणि ट्रक यांच्या हिशेबाचे मूळ एकच आहे. ते समजावे म्हणून ईस्ट वेस्ट एअरलाइन्सची हकीकत आम्ही देत आहोत.

1953 मध्ये सरकारने विमान वाहतूक ताब्यात घेतली. ही मक्तेदारी सैल होताच फेब्रुवारी 1992 मध्ये मुंबईहून ईस्ट वेस्टची सेवा सुरू झाली. केरळचे थाकियुद्दीन वाहिद व त्यांचे भाऊ यांची ही कंपनी. आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांच्या प्रवासाचे व भरतीचे काम ते मुंबईत आधीपासून करीत. गिऱ्हाइकाची ही ओळख हीच त्यांची खरी पुंजी होती.

बोइंग 737-200 विमाने मात्र भाड्याची होती. असे भाडे डॉलरमध्ये द्यायचे आणि देशातील तिकिटांचे पैसे येणार रुपयात. 1995 च्या मध्यापर्यंत सुमारे 31 रुपयांचा डॉलर 1996 मध्ये 35 रुपयांच्या आसपास गेला. समजा, महिन्याचे भाडे 1 लाख डॉलर असेल, तर एकही जादा फेरी न करता खर्च 4 लाख रुपयांनी वाढला. शिवाय रिकामी खुर्ची म्हणजे भिगवणच्या बाजारातील मासळी. वेळ टळली की तिची किंमत गेली. विमानाचे भाडे मात्र द्यावेच लागते.

1993 मध्ये जेट, दमानिया, मोदीलुफ्त याच बाजारात उतरल्या. 13 नोव्हेंबर 1995 रोजी वाहिद यांची मुंबईत गोळ्या घालून हत्या झाली आणि ऑगस्ट 1996 मध्ये कंपनी बंद पडली. दमानिया 1995 मध्ये विकली गेली, मोदीलुफ्त 1996 मध्ये थांबली. जेट टिकली, पण एप्रिल 2019 मध्ये तिचीही उड्डाणे थांबली.

यातून आपण तीन गोष्टी घ्याव्यात. आगाऊ आलेले पैसे नफा समजू नयेत. फेरी पुरी होईपर्यंत ते गिऱ्हाइकाचे देणे असते. दुसरी गाडी घेण्यापूर्वी पहिलीचे निदान सहा हप्ते बाजूला असावेत. आणि देणे-येणे एकट्या मालकाच्या डोक्यात राहू नये. घरातील आणखी एकाला वही वाचता आलीच पाहिजे.