दप्तर कोणते जपावे?

सुगीनंतर शेतकरी खाण्याचे धान्य कणगीत भरतो आणि बियाणे निराळे राखून ठेवतो. वर्षभर त्या बियाण्याची कोणास आठवण होत नाही. पण मृगाचा पाऊस पडला की त्याचे मोल कळते. सरकारी दप्तराचेही तसेच आहे.

कोणता सरकारी कागद किती काळ ठेवावा, याचे नियम ठरलेले असतात. ‘अ’ वर्गाचे कागद कायम राखतात. ‘ड’ वर्गाचे किरकोळ कागद वर्षभराने नष्ट करतात. आता पुष्कळशी सरकारी माहिती संकेतस्थळांवर असते. १ मे १९८१ रोजी निर्माण झालेल्या आपल्या जालना जिल्ह्याचेही संकेतस्थळ आहे. अशा स्थळांवर नवी पाने येतात, जुनी जातात. मग त्यांतील कायमची कोणती जपावी?

एक उपाय असा की, वाचकांची वर्दळ पाहावी. कोणते पान किती जणांनी उघडले, तेथे ते किती वेळ थांबले, कोणता शब्द घालून त्यांनी शोध केला, याची नोंद संगणकाला ठेवता येते. ज्या पानाकडे लोक वर्षानुवर्षे वळतात, ते त्यांच्या गरजेचे असले पाहिजे. ते आधी जपावे, हे योग्यच होय.

परंतु वर्दळ हेच एकमेव माप मानले, तर फसगत होते. नोकरभरतीच्या जाहिरातीवर आठ दिवस झुंबड उडते. पुढे तिकडे कोणी फिरकत नाही. हवे ते न सापडल्यामुळेही एखादा मनुष्य तेच पान दहादा उघडतो. आणि जो वृद्ध संगणकाकडे न जाता तलाठ्याकडे जातो, त्याची गरज या मोजणीत येतच नाही.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण पाहा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळचे अनेक कागद उर्दूत व मोडी लिपीत आहेत. पुढे ते वाचणारेही विरळ झाले. २०२३ साली अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाचे आंदोलन झाले. जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. धूळ खात पडलेले रुमाल सोडले गेले. मोडी व उर्दू जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. पणजोबांच्या नावापुढील एका शब्दावर पणतवंडांचा दाखला अवलंबून होता! ‘हे कोणी पाहत नाही’ म्हणून ते कागद पूर्वीच जाळले असते, तर या मुलांनी काय दाखवले असते?

म्हणून, कोणते पान आधी जपावे हे वर्दळ पाहून ठरवावे. कोणते टाकावे, हे मात्र केवळ तिच्यावरून ठरवू नये. जमीन, जन्म, जात यांच्या नोंदी एकालाच लागल्या, तरी त्या एकाचा हक्क त्यांतच असतो.

शब्दार्थ : कणगी – धान्य साठवण्याचे बांबूचे उभे पात्र, रुमाल – दप्तर बांधण्याचे फडके, वर्दळ – ये-जा.

प्रश्न :
१. वर्दळीवरून कोणती गोष्ट कळते व कोणती कळत नाही?
२. बियाण्याचा दृष्टान्त लेखकाने का दिला आहे?
३. तुमच्या घरातील सर्वांत जुना कागद कोणता? तो कोणी व का जपला, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.